मुकादमाची परवानगी म्हणजे मुलीचा होकार नव्हे

गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या कोल्हार परिसरात ऊसतोड कामगारांच्या कोप्या उभ्या राहतात. मागील हंगामात एक विद्यार्थिनी सल्ल्यासाठी दवाखान्यात आली. कोप्यांतील बारा ते सोळा वर्षांच्या मुलींना पाळीविषयी प्रश्न विचारून त्यांचे हिमोग्लोबिन तिला तपासायचे होते. "डॉक्टर, मुकादमांनी परवानगी दिली आहे," ती म्हणाली. मी विचारले, "आणि मुलींनी?" ती गप्प झाली.

विषय चांगला, हेतूही चांगला. पण आईबापांनी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. त्याने 'हो' म्हटल्यावर त्यांची मुलगी 'नाही' कशी म्हणणार?

२००९ मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात १० ते १४ वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची प्रतिबंधक लस एका अभ्यासप्रकल्पात दिली गेली. त्यात वसतिगृहांतील अनेक आदिवासी मुली होत्या. बऱ्याच संमतिपत्रांवर पालकांऐवजी अधीक्षकांच्या सह्या निघाल्या. २०१० मध्ये प्रकल्प थांबला. २०१३ मध्ये संसदीय समितीने कडक ताशेरे ओढले. लस उपयुक्तच आहे. चुकली ती विचारण्याची रीत.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा अभ्यासाला नीतिसमितीची मंजुरी लागते. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती हवीच. शिवाय सात वर्षांपुढील मुलाचा स्वतःचा होकारही हवा. बारा वर्षांपुढे तो लेखी घ्यायचा असतो.

मी तिला सांगितले, "आधी आईबापांना त्यांच्या बोलीत समजावून सांग. मग मुकादमाला दूर ठेवून मुलीला विचार. 'नको' म्हटलेस तरी काही बिघडणार नाही, हे तिला स्पष्ट सांग. कागदावर नावाऐवजी क्रमांक लिही. मात्र लैंगिक अत्याचाराची गोष्ट कळली, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने ती पोलिसांना कळवावीच लागते. हेही सुरुवातीलाच सांग. आणि रक्त कमी निघाले तर उपचारांची सोय कर. नुसते आकडे घेऊन जाऊ नकोस."

पालकहो, शिक्षकहो, कुणी फॉर्म घेऊन आले तर चार प्रश्न जरूर विचारा. तुम्ही कोण? मंजुरी कुणाची? माहिती कुणाला दाखवणार? दोष निघाला तर उपचार कोण करणार?

महिन्याने ती विद्यार्थिनी परत आली. खट्टू होऊन म्हणाली, "डॉक्टर, पाच मुली नको म्हणाल्या."

मी म्हटले, "मग तुझे काम नीट चालले आहे."