सारखा टाका

आमचे बाबा चामड्याचे काम करतात. पोळा जवळ आला की आमच्याकडे गर्दी होते. कुणाला बैलाचा घुंगरांचा पट्टा नवा पाहिजे असतो, कुणाचा जुना उसवलेला असतो. मागच्या पोळ्याला मी बाबांना म्हणाले, "एक पट्टी मी शिवते." बाबांनी आरी माझ्या हातात दिली.

मी नुसत्या अंदाजाने भोके पाडत गेले. सुरुवातीला जवळजवळ, मग लांबलांब. शेवटी जागा कमी पडली आणि दोन भोके एकमेकांना चिकटली. दोरा ओढला तर तिथेच चामडे फाटले! पोस्टाचे तिकीट कसे भोकांच्या ओळीवर फाटते, अगदी तसेच. पट्टेवाले काका दारात बसलेले होते. मला रडूच आले. बाबा म्हणाले, "बघ माय, कापड उसवून परत शिवता येतं. चामड्याला पडलेलं भोक बुजत नसतं. म्हणून आधी मोजायचं, मग टोचायचं." त्यांनी दुसरी पट्टी कापली आणि मला शेजारी बसवून गणित शिकवले. ते असे:

१) शिवण २० सेंटिमीटर होती. दोन्ही टोकांना १-१ सेंटिमीटर सोडले. उरले १८ सेंटिमीटर, म्हणजे १८० मिलिमीटर.

२) कडेपासून सारखे अंतर ठेवून एक रेघ मारली. भोके याच रेघेवर पाडायची.

३) ७ मिलिमीटरचा टाका धरला तर १८० ला ७ ने भागून २५ टाके येतात आणि ५ मिलिमीटर बाकी उरते. बाबा म्हणाले, "बाकी एका टोकाला ढकलायची नसते, सगळ्यांत वाटायची असते." म्हणून २४ टाके धरले. प्रत्येक टाका साडेसात मिलिमीटरचा झाला. बाकी शून्य!

४) १८ सेंटिमीटर कागदाची पट्टी दोनदा दुमडली. तिचे चार सारखे भाग झाले. त्या खुणा रेघेवर केल्या. मग कंपासपेटीतल्या कर्कटकाने प्रत्येक भागात ६ टाके मोजले. सगळे टाके एका दमात का मोजायचे नाहीत? कर्कटक पाव मिलिमीटर जरी चुकले, तरी २४ टाक्यांत ६ मिलिमीटरची चूक होते. चार भाग केले की चूक त्या भागातच सापडते.

५) टाके २४, पण भोके २५. कुंपणाच्या खांबासारखे एक जास्त. गोल शिवण असेल तर मात्र जितके टाके तितकीच भोके, कारण शेवटचा टाका पहिल्या भोकात येऊन मिळतो.

टाके सारखे असले की ओढ सगळ्यांवर सारखी पडते. एक टाका लांब झाला तर तिथे फट पडते आणि शिवण तिथूनच उसवू लागते. दिसायलाही सारखी शिवण छान दिसते. कोल्हापुरी चप्पल तुम्ही पाहिलीच असेल. तिला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तीसुद्धा हातानेच शिवतात. आता कुठलीही चप्पल हातात आली की मी आधी तिचे टाके बघते.

पोळ्याच्या दिवशी तो पट्टा घालून बैल आमच्या दारावरून गेला. घुंगरांचा आवाज ऐकून मी पळत बाहेर आले. सगळे टाके जागेवर होते.

तुम्ही सोडवा : शिवण ३२ सेंटिमीटर. दोन्ही टोकांना १-१ सेंटिमीटर सोडा. टाका साडेसात मिलिमीटरचा. तर भोके किती? उत्तर उद्या परिपाठाला सांगेन. घाई करू नका, एक भोक विसराल!