करमत नाही, पण काम चालू आहे





गेल्या गणेशोत्सवानंतरची गोष्ट आहे. आपल्या शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीच्या आई कार्यालयात आल्या. मुलगी एम.एस्सी. करायला जर्मनीला गेली आहे, म्हणून मला वाटले पेढे घेऊन आल्या असतील. त्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "बाई, तिला परत बोलावून घेऊ का? फोन लागला की नुसती रडते."

हकीकत अशी होती. उन्हाळी सुटीत या मुलीने एका बेकरीत काम केले. पहाटे चारला उठायचे, पाव भट्टीतून काढायचे, दुपारी खोलीवर येऊन पुस्तक उघडायचे. साठलेल्या पैशांतून ती मैत्रिणींबरोबर प्राग आणि व्हिएन्ना पाहून आली. फोटो पाहून इकडे सगळे नातेवाईक म्हणाले, "पोरीची मजा आहे!" मग गणपती बसले. संध्याकाळी साडेसातला आपल्याकडे आरती चालली होती, तेव्हा तिच्याकडे दुपारचे चार वाजले होते. तिने फोनवर आरती पाहिली आणि तिला पुढे बोलताच येईना.

घरच्यांनी कर्ज काढून पाठवले आहे, त्यांना काळजी नको, म्हणून तिने तीन महिने मनातले काही सांगितले नव्हते. इकडे आजोबांना आठवडाभर रुग्णालयात ठेवले होते, तेही तिच्यापासून लपवले होते. दोन्हीकडे प्रेमच होते, पण दोन्हीकडे लपवाछपवी चालली होती.

मी त्या ताईंना लगेच हो किंवा नाही असे उत्तर दिले नाही. त्यांना दोन विद्यार्थ्यांच्या गोष्टी सांगितल्या. त्याच आज आपणा सर्वांसाठी पाठाच्या रूपाने लिहीत आहे.

एक शब्द

माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. सतराव्या वर्षी घर सोडून मी वसतिगृहात राहायला गेले. पहिल्याच पत्रात मी घरी लिहिले होते, "इथे करमत नाही." वसतिगृहातल्या हिंदी भाषिक मैत्रिणींना हा शब्द समजावून सांगताना माझी फार तारांबळ उडाली. "मन नहीं लगता" हे त्याच्या जवळचे, पण मला ते पुरेसे वाटेना. करमणे म्हणजे मन रमणे आणि वेळ सुखाने जाणे, दोन्ही एकत्र. सगळे ठीक असते, जेवण असते, मैत्रिणी असतात, तरी करमत नाही. हा आजार नव्हे आणि कमजोरी तर नव्हेच. ज्याला घर आहे त्यालाच हे होते.

पहिला विद्यार्थी : लंडन आणि बॉन, १९२२

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आपण संविधानाचे शिल्पकार म्हणून ओळखतो. आज त्यांच्याकडे एक विद्यार्थी म्हणून पाहू या.

१९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथून १९१६ साली लंडनला आले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. हा मुद्दा विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा. बाबासाहेबांनाही एकदा अर्धवट सोडून घरी यावे लागले होते. मग त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले. छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर १९२० च्या जुलै महिन्यात ते पुन्हा लंडनला निघाले.

मुंबईत परळच्या चाळीत रमाबाई आणि लहान यशवंत होते. टपाल बोटीने जाई, त्यामुळे पत्राचे उत्तर हाती यायला महिना सहज लागे. घरात पैशांची ओढाताण होती आणि लंडनमध्येही तीच स्थिती होती. सकाळी जुजबी न्याहारी करून बाबासाहेब ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जात ते बंद होईपर्यंत वाचत बसत. रात्री भूक लागे. एका परिचिताने त्यांना पापड दिले होते. रात्री त्यातले थोडे भाजून खायचे आणि पुन्हा वाचायला बसायचे, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. परदेशातल्या खोलीत रात्री पापड भाजल्याचा वास कसा वाटत असेल, हे आपल्यापैकी ज्यांची मुले बाहेर आहेत त्यांना सांगायला नको.

१९२२ साली ते बॅरिस्टर झाले. त्याच वर्षी उन्हाळी सत्रासाठी त्यांनी जर्मनीतील ऱ्हाईन नदीकाठच्या बॉन विद्यापीठात नाव नोंदवले. त्यासाठी आदल्या वर्षीच त्यांनी जर्मन भाषेत अर्ज केला होता. त्या वेळी जर्मनीचे चलन कोसळत होते. १९२२ च्या आरंभी एका डॉलरला सुमारे २०० मार्क मिळत, ते वर्षअखेरीस ७,००० च्या वर गेले. बाबासाहेबांच्या प्रबंधाचा विषय होता रुपयाचा प्रश्न. म्हणजे चलनाचा अभ्यास करणारा हा विद्यार्थी, चलन कसे बुडते हे जिथे रोज दिसत होते त्या देशात गेला होता. आपल्या शहरातल्या ज्येष्ठांना हाली सिक्का आणि कलदार आठवत असतील. सात हाली म्हणजे सहा कलदार हा हिशोब ज्यांनी केला आहे, त्यांना दोन चलनांमधला फरक घरखर्चाला कसा भिडतो हे चांगले ठाऊक आहे.

१९२२ च्या ऑक्टोबरात त्यांनी प्रबंध लंडनला सादर केला. परीक्षकांनी त्यावर आक्षेप घेतले. जवळचे पैसे संपले होते, म्हणून १९२३ च्या एप्रिलमध्ये ते मुंबईला परतले. तेथे बसून प्रबंधात दुरुस्त्या केल्या, तो पुन्हा पाठवला आणि त्याच वर्षी त्यांना डी.एस्सी. मिळाली. शेवटचे काम घरी बसून पूर्ण झाले! पुढे १९५३ साली आपल्या उस्मानिया विद्यापीठाने त्यांना डी.लिट. ही सन्माननीय पदवी दिली. रमाबाई तोवर नव्हत्या, त्या १९३५ सालीच गेल्या. बाबासाहेबांनी नंतर आपला एक ग्रंथ त्यांच्या स्मृतीला अर्पण केला. ग्रंथालयात घालवलेल्या त्या वर्षांची किंमत घरी कोणी मोजली होती, हे ते विसरले नव्हते.

दुसरी विद्यार्थिनी : हैदराबादची सोळा वर्षांची मुलगी

दुसरी गोष्ट आपल्या गावचीच आहे. सरोजिनी चट्टोपाध्याय, म्हणजे पुढच्या सरोजिनी नायडू, १८७९ साली हैदराबादेत जन्मल्या. वडील अघोरनाथ हे एडिनबरोहून डॉक्टरेट घेऊन आलेले आणि निजाम कॉलेजच्या उभारणीतले. मुलीने बाराव्या वर्षी मद्रास विद्यापीठाची मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण केली. १८९५ मध्ये, सोळाव्या वर्षी, निजामांच्या शिष्यवृत्तीवर ती इंग्लंडला गेली. आधी लंडनचे किंग्ज कॉलेज आणि मग केंब्रिजचे गर्टन कॉलेज.

प्रकृतीने साथ दिली नाही. हवापालटासाठी ती इटलीत राहिली. फ्लॉरेन्स शहराच्या सौंदर्याने भारावून तिने तेथून पत्रे लिहिली. बाहेरून पाहणाऱ्याला हा मोठा आनंदाचा प्रवास वाटेल. पण तब्येत ढासळलेली, पदवी हातात नाही आणि घर समुद्रापार, अशी तिची खरी अवस्था होती. १८९८ साली ती पदवी न घेता हैदराबादला परत आली आणि त्याच वर्षी डॉ. गोविंदराजुलू नायडू यांच्याशी तिचा आंतरजातीय विवाह झाला.

आजच्या भाषेत कोणी म्हणेल, शिष्यवृत्ती वाया गेली. पण ती काय घेऊन आली ते पाहा. इंग्लंडमध्ये तिने आपल्या कविता एडमंड गॉस या समीक्षकाला दाखवल्या होत्या. त्यात इंग्लंडचे पक्षी आणि इंग्लंडची फुले भरलेली होती. गॉस यांनी सांगितले की इथल्या पक्ष्यांची नक्कल करू नकोस, तुझ्या देशातले डोंगर, बागा आणि माणसे लिही. तिने ते मनावर घेतले. १९०५ साली 'द गोल्डन थ्रेशोल्ड' हा तिचा संग्रह लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पालखीचे भोई आहेत, विणकर आहेत, कोरोमंडल किनाऱ्याचे कोळी आहेत. घराची ओढ तिने दाबून टाकली नाही, तिला लेखणी दिली.

त्या संग्रहाचे नाव मिळालेली वास्तू आजही नामपल्ली स्टेशन रस्त्यावर आहे. १९७४ साली हैदराबाद विद्यापीठाची सुरुवात याच वास्तूत झाली. जी मुलगी पदवीविना परतली, तिच्या घरात एक विद्यापीठ सुरू झाले!

आजचे विद्यार्थी आणि व्यवहाराच्या गोष्टी

एक चिकाटीने राहिला, एक परत आली. दोघांपैकी कोणीही हरले नाही. पण त्यांच्या काळात आणि आजच्या काळात फरक आहे. मुलांना पाठवण्यापूर्वी पालकांनी पुढील गोष्टी माहीत करून घ्याव्यात.

पहिली गोष्ट पैशांची. जर्मनीत शिकायला जाणाऱ्यास साधारणपणे वर्षाचा खर्च आधीच एका बंद खात्यात दाखवावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो अशी ठरली. यात फेरबदल होतात, म्हणून अर्ज करताना चालू आकडा पाहावा.

दुसरी कामाची. मार्च २०२४ पासून तेथे परदेशी विद्यार्थ्यांना वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करण्याची मुभा आहे. सुटीतली कमाई आधार म्हणून चांगली आहे, परंतु संपूर्ण कर्ज त्यातून फिटेल असे धरून चालू नये. हा हिशोब चुकला की मूल अभ्यास सोडून कामाच्या मागे लागते.

तिसरी प्रवासाची. जर्मनीचा वास्तव्य परवाना असलेल्यास शेंगेन गटातील इतर देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत फिरता येते. आमची विद्यार्थिनी प्राग आणि व्हिएन्नाला याच सोयीने गेली. मुलांनी जरूर फिरावे. मात्र फोटोवरून मुलांच्या मनाची स्थिती ओळखता येत नाही, हे आपण घरच्यांनी ध्यानात ठेवावे.

चौथी वेळेची. उन्हाळ्यात जर्मनीचे घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असते आणि हिवाळ्यात साडेचार. फोनची एक वेळ ठरवून घ्यावी. सतत फोन केल्याने मूल तिथे रुजत नाही आणि महिनोन्‌महिने न बोलल्याने तुटते.

त्या ताईंना काय सांगितले?

मी म्हटले, "ताई, परत बोलवायचे की नाही हे आज ठरवू नका. आधी आजोबांचे आजारपण तिला खरे खरे सांगा. तिने विचारले तर कर्जाचा आकडाही सांगा. मग तिला विचारा, तुझे काय चालले आहे? ती रडली तर रडू द्या, मध्येच फोन ठेवू नका. जेवण जात नसेल, झोप येत नसेल, वर्गात जाणे थांबले असेल, तर तिथल्या विद्यापीठाच्या समुपदेशकाला आणि डॉक्टरांना भेटायला सांगा. आणि एक वाक्य नक्की म्हणा, तू आलीस तरी हे घर तुझेच आहे."

त्या म्हणाल्या, "असं म्हटलं तर ती येईलच ना, बाई!"

मी म्हटले, "आली तर आली. पण परतीचे दार उघडे आहे हे कळले की पुष्कळ मुलांना तिथे राहण्याचे बळ येते."

पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. मुलगी आजोबांशी तासभर बोलली. आधी चिडली, "मला का नाही सांगितलंत?" म्हणाली. मग दोघेही रडले. ती समुपदेशकाला भेटून आली. बेकरीतल्या सोबतिणींना तिने एका रविवारी पोहे करून खाऊ घातले आणि आता दर रविवारी त्या मागून घेतात. ती सध्या तिथेच आहे. करमते का, असे आईने विचारले तर म्हणाली, "अजून नाही, पण काम चालू आहे."

विद्यार्थी मित्रांनो, हे उत्तर मला फार आवडले. खरे सांगितले आणि कामही सोडले नाही. उद्या तुम्ही पुण्याला जाल, बंगळूरला जाल किंवा बॉनला, कधीतरी करमणार नाहीच. तेव्हा लाजू नका. घरी सांगा आणि त्या आठवणीला काहीतरी काम द्या.

स्वाध्याय

१. बाबासाहेब १९१७ साली का परतले आणि पुन्हा जाण्यासाठी त्यांनी काय तयारी केली? पाच ओळींत लिहा.

२. नकाशात मुंबई, लंडन, बॉन आणि फ्लॉरेन्स दाखवा. बॉन ज्या नदीच्या काठी आहे ती नदी रंगवा.

३. एक युरो आज किती रुपये, हे वर्तमानपत्रात पाहा आणि ९९२ युरोंचे रुपये करा. त्यात तुमच्या घरचा किती दिवसांचा खर्च चालेल हे आईवडिलांना विचारा.

४. घरातील कोणी ना कोणी शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी गाव सोडून हैदराबादला आले असेल. त्यांना पहिले वर्ष कसे गेले ते विचारून एक पान लिहा. निवडक लेखन पुढील अंकात छापू.

५. पालकांसाठी : बाहेरगावी असलेल्या मुलापासून आपण कोणती गोष्ट लपवून ठेवली आहे? ती या आठवड्यात सांगावी.

आपली स्नेहांकित,
मुख्याध्यापिका