दुष्टव्रणाचे शोधन-रोपण : मधापासून जैवमुद्रित आवरणापर्यंत

ठाणे, कल्याण, डोंबिवली परिसरात पावसाळा लागला की पायाच्या व्रणांचे रुग्ण वाढतात, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. साचलेल्या पाण्यातून स्थानक गाठायचे, दिवसभर ओल्या बुटांत वावरायचे. त्यात मधुमेहाने तळव्याची संवेदना मंदावलेली असली, तर काच रुतल्याचे रुग्णास रात्री मोजा काढल्यावरच कळते. असा व्रण चार ते सहा आठवड्यांत भरून येण्याची लक्षणे दाखवीत नसेल, तर तो चिरकारी समजून चिकित्सेचा पुनर्विचार करावा.

अशा व्रणांसाठी जंतुघ्न जैवमुद्रित आवरणे तयार करण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत. यात शाईच्या जागी सागरी शैवालातील अल्जिनेट, जिलेटिन किंवा कोळंबीच्या कवचापासून मिळणारे कायटोसान यांचा जलयुक्त लगदा असतो. तो सूक्ष्म नळीतून थरावर थर असा, व्रणाच्या आकारमानाबरहुकूम सोडला जातो. अल्जिनेट कॅल्शियमच्या संयोगाने घट्ट होते. त्यात चांदीचे अतिसूक्ष्म कण, प्रतिजैविक किंवा मध मिसळतात. काही प्रयोगांत त्वचेच्या जिवंत पेशीही घालतात. हे कार्य अद्याप बहुतांशी प्रयोगशाळेत व प्राण्यांवरील प्रयोगांत आहे.

यातील खरी अडचण वैद्यास लगेच उमगेल. जंतू मारण्यास पुरेशी चांदी नवत्वचेच्या पेशींनाही मारक ठरू शकते. मध अधिक घातला, तर त्याच्या आकर्षणाने पेशीतील पाणी ओढले जाते आणि लगदाही मुद्रणयोग्य राहत नाही. म्हणजे शोधन व रोपण एकाच द्रव्याकडून एकाच वेळी साधणे कठीण. सुश्रुताचार्यांनी षष्टी उपक्रमांत शोधन व रोपण वेगळे सांगितले, ते याच जातीच्या अनुभवातून असावे. तथापि ‘जैवमुद्रण आपल्या ग्रंथांत होतेच’ असे म्हणणे मात्र हास्यास्पद होय.

मधाविषयी महाराष्ट्रातील एक अभ्यास प्रत्येक वैद्याने जाणून घ्यावा असा आहे. सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यविद् डॉ. एम. सुब्रह्मण्यम् यांनी १९९१ मध्ये १०४ दग्ध रुग्णांचे निष्कर्ष ब्रिटिश शल्यपत्रिकेत प्रसिद्ध केले. ५२ रुग्णांस मध व ५२ रुग्णांस सिल्व्हर सल्फाडायझिन लावण्यात आले. सात दिवसांत मधाच्या गटातील ९१ टक्के व्रण जंतुरहित झाले. दुसऱ्या गटात हे प्रमाण ७ टक्के होते. निरोगी मांसांकुर सरासरी ७.४ दिवसांत दिसले, तर दुसरीकडे १३.४ दिवसांत. मधाचे कार्य त्यातील साखरेच्या आकर्षणाने, आम्लतेने आणि व्रणस्रावाने तो पातळ झाल्यावर निर्माण होणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडने होते. हे पेरॉक्साइड बनविणारे विकर उष्णतेने नष्ट होते. (उष्ण मधाचा शास्त्रोक्त निषेध हा आभ्यंतर सेवनासंबंधी आहे, दोहोंची घाईने सांगड घालू नये.)

परंतु दग्धव्रण म्हणजे मधुमेही पायाचा व्रण नव्हे. न्यूझीलंडमध्ये शिराजन्य व्रणांच्या ३६८ रुग्णांवर झालेल्या व २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बारा आठवड्यांनंतर मधपट्टीने लक्षणीय अधिक लाभ दिसला नाही, उलट वेदनेच्या तक्रारी वाढल्या. चिरकारी व्रणात जंतू स्वतःभोवती चिकट पापुद्रा निर्माण करून त्याखाली दडतात. तो खरवडून काढल्यावाचून, म्हणजेच लेखनकर्मावाचून, वरून लावलेले द्रव्य पुष्कळदा पोहोचतच नाही.

प्रस्तुत लेखकाची एक चूक येथे नोंदविणे भाग आहे. डोंबिवलीतील एका मधुमेही रुग्णाच्या अंगठ्याच्या व्रणावर मधु-घृत लेपाने आठ दिवसांत दुर्गंध गेला, स्राव कमी झाला, आणि मी समाधान मानले. पायाच्या पाठीवरील नाडी मी पाहिलीच नव्हती. रक्तपुरवठाच तुटलेला होता. पुढे अंगठा काळा पडून काढावा लागला. लेप चांगला होता, निदान अपुरे होते. तेव्हापासून पट्टी सोडण्यापूर्वी दोन्ही पायांच्या नाड्या, तळव्याची संवेदना व रक्तशर्करा पाहिल्याखेरीज मी औषध लिहीत नाही. शंका आल्यास रक्तवाहिनी-शल्यविदाकडे त्याच दिवशी पाठवितो. व्रणावरील भार काढण्यासाठी पादत्राण बदलणे हेही तितकेच महत्त्वाचे. ते न केल्यास मुद्रित आवरण असो वा जात्यादि तैल, रुग्ण चालता चालता ते चिरडून टाकतो.

औषधालयांच्या चालकांसाठी दोन गोष्टी. दुकानातील खाण्याच्या मधाची बाटली व्रणासाठी देऊ नये. मधात बोट्युलिझमच्या जंतूंची बीजाणुरूपे असू शकतात. म्हणून व्रणोपयोगी मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो आणि २५ किलोग्रे मात्रेनेही त्याची जंतुघ्नता टिकते, असे आढळले आहे. आपल्याजवळच ट्रॉम्बे येथे वैद्यकीय साधनांच्या अशा निर्जंतुकीकरणासाठी १९७४ मध्ये आयसोमेड प्रकल्प सुरू झाला, तेव्हा हे तंत्र आपल्याकडे नवीन नाही. दुसरे, जात्यादि तैलात तुत्थ असते. खोल, पोकळ व्रणात ते भरण्यासाठी ग्राहक परस्पर मागू लागला, तर बाटली देण्याआधी ‘साखर किती आहे आणि बोट काळे पडले आहे का?’ एवढे विचारावे, आणि उत्तर होकारार्थी आल्यास त्याला वैद्याकडे पाठवावे.