मुलाला हॅकिंग शिकायचंय म्हणे!

सेकंड शिफ्टला जाण्याआधी ते गृहस्थ मुलाला घेऊन माझ्याकडे आले. चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीत नोकरी, आयकार्ड गळ्यातच. मुलगा अकरावी सायन्सला. ‘‘सर, हा हॅकिंग शिकायचं म्हणतोय. उद्या पोलीस तर दारात येणार नाहीत ना?’’

पोलिसांशी संबंध येणारच, मी म्हटलं. कुठल्या दाराने, ते पोरावर आहे.

मग त्यांना कॉसमॉस बँकेची गोष्ट सांगितली. ऑगस्ट २०१८. पुण्यातल्या या बँकेचे ९४ कोटींहून अधिक रुपये दोन दिवसांत गेले. ११ तारखेच्या शनिवारी काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी सुमारे ७८ कोटी निघाले, सोमवारी जवळजवळ १४ कोटी हाँगकाँगच्या खात्यात वळते झाले. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या कोर्टाने ११ जणांना दोषी ठरवलं. ते काही बँकेच्या यंत्रणेत शिरणारे मेंदू नव्हते. सापडले ते एटीएमसमोर उभं राहून नोटा काढणारे. कॅमेऱ्यात चेहरा त्यांचाच येतो.

पालकांनी खरं घाबरायचं ते इथे. ‘तुझं खातं दोन महिने वापरायला दे, चार पैसे देतो,’ असं सांगणारा कुणीतरी कॉलेजच्या कट्ट्यावर भेटतो. पासबुक, एटीएम कार्ड, सिम त्याच्या हाती गेलं की फसवणुकीचा पैसा त्या खात्यातून फिरतो, आणि पोलीस आधी खातेदाराकडेच जातात. संगणकाच्या आधारे तोतयेगिरी करून फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ डीखालचा गुन्हा. तीन वर्षांपर्यंत कैद. हॅकिंगचा क्लास त्यापेक्षा कितीतरी निरुपद्रवी.

दुसरं दार तपासाचं. कॉसमॉसवर दरोडा पडला त्याच आठवड्यात, १५ ऑगस्टला, पिंपरी-चिंचवडचं स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झालं आणि तोवर ग्रामीण पोलिसांकडे असलेलं चाकण त्यात आलं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यानेच करायचा, असं कलम ७८ सांगतं. म्हणजे संगणक कळणारा निरीक्षक हवा. एमपीएससीतून उपनिरीक्षक होणारा इंजिनियर तिथवर पोचतो, फक्त वेळ लागतो.

पण खटला कोर्टात टिकतो तो कागदावर. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीचा वाद आठवा. उमेदवारी अर्ज मुदतीनंतर आला का, हे निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओवरून ठरायचं होतं आणि अधिकारी त्या चित्रणाचं प्रमाणपत्र देईनात. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच खोतकर-गोरंट्याल प्रकरणात सांगितलं, मूळ उपकरणच कोर्टात आणलं नसेल, तर प्रमाणपत्र लागणारच. जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये त्याचे दोन भाग झालेत. एक उपकरण सांभाळणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही लिहायची.

हा ‘तज्ज्ञ’ म्हणजेच नोकरी. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था, गांधीनगरचं राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ, त्याचं गोव्यातलं संकुल, ही नावं वहीत लिहून ठेवा. वकिलीकडे ओढा असेल तर सीईटी देऊन लॉ, मग काही वर्षं प्रॅक्टिस आणि एमपीएससीतून सहायक सरकारी अभियोक्ता. संगणक समजणारा वकील, मला विचाराल तर, संगणक समजणाऱ्या इंजिनियरपेक्षा दुर्मीळ.

आणि सरकारी नोकरीच हवी असं नाही. पूना ऑटो अॅन्सिलरीज या पुण्यातल्या कंपनीच्या खात्यातून एका फसव्या ईमेलपायी ८० लाख १० हजार रुपये गेले होते. कंपनीने राज्याच्या आयटी सचिवांपुढे दाद मागितली. पाच कोटींपर्यंतच्या अशा दाव्यांचा निवाडा तेच करतात. २०१३ मध्ये त्यांनी बँकेला ४५ लाख द्यायला लावले. फौजदारी खटल्याबाहेरचा हा रस्ता आमच्या भागातल्या किती लघुउद्योजकांना ठाऊक आहे? तो दाखवणारा माणूस इथे उपाशी राहणार नाही.

‘‘ते हॅश काय म्हणालात?’’ वडिलांनी विचारलं.

माझ्या लॅपटॉपवर मुलाने एका फाइलमध्ये वडिलांचं नाव टाईप केलं आणि हॅश काढली. चौसष्ट अक्षरी आकडा. नावापुढे नुसता पूर्णविराम दिला, पुन्हा काढली. आकडा ओळखू येईना इतका बदलला.

‘‘म्हणजे जप्तीच्या वेळी पंचांसमोर हा लिहून ठेवायचा,’’ मी म्हटलं, ‘‘कोर्टात पुन्हा काढायचा. जुळला तर मधे कुणी हात लावला नाही.’’

‘‘आमच्याकडे पार्टला बॅच नंबर असतो, गेजला कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेट असतं, तसंच की!’’ त्यांचा चेहरा प्रथमच सैल झाला. ‘‘हे तर मीच घरी शिकवतो याला.’’

सव्वादोन वाजले होते. त्यांनी हेल्मेट उचललं. मुलगा अजून नावामध्ये एक-एक स्पेस टाकून बघत होता.