प्रयोगातील बदलता घटक

हरभऱ्याचे दाणे दोन वाट्यांत कापसावर घालून एक वाटी खिडकीत व दुसरी कपाटात ठेवावयाची, हा प्रयोग शिक्षकांच्या परिचयाचा आहे. पुष्कळदा कपाटातील वाटीला पाणी घालावयाचे राहून जाते. दाणे रुजत नाहीत आणि मुले ‘उजेडावाचून बी रुजत नाही’ असे वहीत लिहून मोकळी होतात. वस्तुतः हरभरा अंधारातही रुजतो. कोंब मात्र पिवळट व लांबट होतात. येथे उजेड व पाणी हे दोन घटक एकदम बदलले, म्हणून अनुमान चुकले. आणि डोळ्यांदेखत पटलेली चूक मागाहून पुसणे कठीण! यास्तव उजेड तेवढा बदलावा. कापूस, पाणी व दाण्यांची संख्या सारखी ठेवावी. दाणे प्रत्येकी १० तरी असावेत, एखादा किडका निघतोच. खिडकीत ऊन येत असल्यास वाटी सावलीत सरकवावी, अन्यथा उष्णताही बदलते.