लग्नातला फ्लॅश कुठे उभा करावा?

प्रश्न : लग्नाच्या ऑर्डरी घेतो. कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशने चेहरे सपाट येतात आणि मागचा हॉल काळा पडतो. फ्लॅश कॅमेऱ्यापासून वेगळा करायचाय. काय घेऊ, कसा वापरू? (एक वाचक, मिरज)

उत्तर : आधी काळ्या हॉलचं बघू, कारण त्यासाठी खर्च लागत नाही. फ्लॅश क्षणात चमकून विझतो. शटर जास्त वेळ उघडं ठेवल्याने त्याचा उजेड वाढत नाही. झुंबरं आणि माळांचा उजेड मात्र शटरच्या वेळेनुसार वाढतो. १/२०० वर हॉल काळा येत असेल तर १/८० वर या आणि आयएसओ १६०० करा.

आता जागा. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो. वधूवरांपासून दोन मीटरवर फ्लॅश ठेवलात आणि अक्षता टाकणारे पाहुणे त्यांच्या मागे दोन मीटरवर असले, तर पाहुण्यांना चौथा हिस्साच मिळतो. वधूचं कपाळ पांढरंफटक, आत्या-मावशा अंधारात! तोच फ्लॅश वधूवरांपासून चार मीटर लांब न्या. आता पाहुण्यांना वधूवरांच्या जवळपास निम्मा उजेड मिळेल. स्टेजच्या कोपऱ्यात, डोक्यांच्या वर, अडीच-तीन मीटर उंचीवर तो असावा.

एवढ्या लांबून जोर पुरेल का? आयएसओ १६०० आणि एफ/४ वर साध्या स्पीडलाइटची १/१६ शक्ती बहुतेक वेळा पुरते. कमी शक्तीवर चमक आणखी कमी वेळ टिकते, त्यामुळे हवेतल्या अक्षता सुट्या, स्पष्ट दिसतात. फ्लॅश लगेच पुन्हा तयारही होतो, आणि मंगलाष्टकं संपताना हेच सगळ्यांत मोलाचं.

त्यामुळे महागड्या, ताकदवान लाइटच्या मागे लागू नका. लिथियम बॅटरीचा एक स्पीडलाइट आणि तुमच्या कॅमेऱ्याला जुळणारा रेडिओ ट्रिगर घ्या. दुसऱ्याच्या झोतावर पेटणारा स्लेव्ह मोड लग्नात टाळा. दुसऱ्या फोटोग्राफरच्या प्रत्येक क्लिकला तुमचा फ्लॅश उडेल. टीटीएल फिरत्या कामाला बरं. स्टेजवर मात्र मॅन्युअलच ठेवा, कारण पांढरा शालू आणि काळी शेरवानी शेजारी आली की मीटर गोंधळतो. रोल कॅमेऱ्याच्या काळातला फ्लॅश घरात असेल तर तपासल्याशिवाय डिजिटल कॅमेऱ्याला लावू नका; त्यातल्या काहींचा ट्रिगर व्होल्टेज शेकड्यांत असतो.

हॉलचे दिवे पिवळे असतील तर फ्लॅशवर नारिंगी जेल लावा. नाहीतर चेहरे निळसर आणि भिंती पिवळ्या, आणि एडिटिंगमध्ये दोन्ही एकदम सुधारत नाहीत.

राहिलेले पैसे स्टँडवर घाला. जड पायांचा घ्या, पायांवर वाळूची पिशवी ठेवा आणि शक्य तिथे खांबाला बांधा; स्टेजभोवती लहान मुलं धावतातच. लॉनवरच्या लग्नात फ्लॅशला छत्री लावूच नका, वाऱ्याने स्टँड आडवा होतो. तिथे उघडा फ्लॅश लांब काठीवर लावून मदतनिसाच्या हाती द्या, आणि तुम्ही सरकाल तसा त्यालाही सरकायला सांगा.