माशाचा आजार आणि पाण्याचा इलाज

मासा आजारी पडतो, हे आमच्या घरी अजून कुणाला पटलेले नाही. मासा म्हटला की कालवण. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे सुट्टीत गावी गेल्यावर 'काय शिकतेस गं?' या प्रश्नाला 'सध्या मासे बरे करते आहे' असे उत्तर दिले, तेव्हा आजीने कपाळावर हात मारून घेतला. हा विषय कला शाखेच्या अभ्यासक्रमातलाही नाही. परंतु 'कमवा व शिका' योजनेत ग्रंथालयाच्या दालनातील काचपेटीची देखभाल माझ्याकडे आली, आणि गेल्या जानेवारीत पेटीतल्या माशांवर जे संकट आले त्यामुळे बरेच वाचावे लागले, विचारावे लागले. ते येथे मांडते.

पेटीत चार एंजल आणि चार काळ्या मॉली होत्या. त्यात कुणीतरी हौसेने आणखी दोन मॉली आणून सोडल्या. एंजल हा मूळचा अ‍ॅमेझॉन नदीच्या खोऱ्यातला, मॉली मेक्सिको व मध्य अमेरिकेकडची. दोघांनाही साधारण २५-२६ अंशांचे कोमट पाणी मानवते. आपल्या नाशिकची जानेवारीतली पहाट सर्वांना ठाऊक आहेच. पेटीला हीटर नव्हता. सकाळी थर्मामीटर धरला तर पारा १९ वर. आठवडाभरात एंजलच्या परांवर मिठाचे कण चिकटावेत तसे पांढरे ठिपके दिसू लागले. मासे दगडांना अंग घासत, पर मिटून कोपऱ्यात थांबत, आणि कल्ले भराभर हलत.

हा 'पांढऱ्या ठिपक्यांचा' रोग. दुकानदार त्याला 'इच' म्हणतात. तो होतो एका एकपेशीय परजीवीमुळे. १८७६ साली फूके या संशोधकाने त्याला इक्थिओप्थिरिअस मल्टिफिलिस असे लांबलचक नाव दिले. भाषेच्या विद्यार्थिनीला या नावाची मौज वाटल्याशिवाय राहत नाही. ग्रीक शब्दांचा अर्थ 'माशाची ऊ', आणि पुढचे लॅटिन विशेषण 'पुष्कळ लेकरांची'. म्हणजे लेकुरवाळी ऊ! नाव थट्टेचे वाटले तरी रोगाचे सारे मर्म त्यात आहे.

आपल्याला दिसतो तो ठिपका म्हणजे माशाच्या कातडीखाली बसून पोसला जाणारा जीव. तेथे त्याला औषध लागत नाही. पोट भरले की तो मासा सोडतो, तळाच्या वाळूवर किंवा काचेवर चिकटतो, भोवती कवच करतो आणि आत दुभंगत दुभंगत शेकडो पिल्ले तयार करतो. कवचातही औषध पोचत नाही. कवच फुटून पिल्ले पाण्यात पोहू लागतात आणि दोनएक दिवसांत मासा सापडला नाही तर मरतात. या पोहण्याच्या मुदतीतच काय तो इलाज चालतो. म्हणून आजार माशाच्या अंगावर दिसला, तरी उपचार पाण्याला करावा लागतो.

ऊब दिली की हे चक्र लवकर फिरते. २५ अंशांच्या आसपास ते आठवड्याच्या आत पुरे होते. १० अंशांच्या पाण्यात महिन्याहून अधिक लागतो. आम्ही हीटर आणला आणि पाणी रोज दोन अंशांनी चढवत २९ वर नेले. एकदम चढवले तर तो धक्काच माशाला मारतो. मात्र पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो : २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. म्हणून हवेचा पंप अहोरात्र चालू हवा. वीज गेली की शिपाईमामा मगाने पाणी उंचावरून पुन्हा पेटीत ओतत. कंटाळा न करता.

दुसरा उपाय खडे मीठ. येथे गणित करावे लागते. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच पेटीत काठोकाठ ५६ लिटर पाणी मावते; वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता ४५ ते ५०. लिटरला दोन ग्रॅम या मानाने सुमारे १०० ग्रॅम मीठ, तांब्यात विरघळवून, दोन दिवसांत थोडे थोडे घातले. मॉलीला मीठ मानवते. तळाशी फिरणाऱ्या कोरीसारख्या माशांना व खऱ्या वनस्पतींना ते सोसत नाही. आमच्याकडे दोन्ही नव्हते. दुकानातल्या औषधांत पुष्कळदा मॅलाकाइट ग्रीन असते. ते विषारी असून खाण्याच्या माशांसाठी अनेक देशांनी त्यावर बंदी घातली आहे. ते वापरायचेच तर हातमोजे घालून, आणि फिल्टरमधला कोळसा काढून, नाहीतर कोळसाच औषध शोषून घेतो.

'सगळे पाणी ओतून पेटी घासून काढा' असा सल्ला बहुतेकांनी दिला. तो घातक आहे. फिल्टरच्या स्पंजात राहणारे जिवाणू माशांच्या मलमूत्रातील अमोनियाचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात. नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याने स्पंज धुतला की ते मरतात आणि आजारी मासा अमोनियात सापडतो. आम्ही दिवसाआड चौथा हिस्सा पाणी नळीने तळाची वाळू ओढत काढले, कारण कवचे तेथेच असतात. त्याजागी आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवलेले पाणी, तेवढ्याच उबेचे करून व काढलेल्या पाण्याच्या मानाने मीठ मिसळून, घातले. पेटीत हात घालण्यापूर्वी हीटरची पिन काढावी.

याहून वाईट सल्ला होता तो 'गोदावरीत सोडून द्या, पुण्य लागेल' हा. या सल्ल्याची मला खरी चीड आली. ही ऊ गोड्या पाण्यातल्या जवळजवळ कुठल्याही माशाला धरते. आणि रोग नसला तरी परका मासा नदीत काय करतो हे उजनीच्या कोळ्यांना विचारावे. काचपेटीत 'सकर' म्हणून विकला जाणारा दक्षिण अमेरिकेतला मासा तेथे त्यांच्या जाळ्यात येतो. तो कुणी विकत घेत नाही, उलट काट्यांनी जाळी फाडतो.

तिसऱ्या दिवशी एक एंजल मेला, चौथ्या दिवशी नव्यांपैकी एक मॉली. कल्ल्यांत रोग शिरला की वेळ फार थोडा राहतो. आठव्या दिवशी ठिपके पूर्ण गेले आणि 'आता मीठ-हीटर बंद करा, विजेचे बिल येते' अशी कुजबुज सुरू झाली. त्या रविवारी मी गावी गेले होते. आमचे अण्णा दुसऱ्याच्या द्राक्षबागेत फवारणीचे काम करतात. त्यांना हे चक्र समजावून सांगितले, तर माशांवर कधी न बोललेले अण्णा म्हणाले, "भुरी दिसेनाशी झाली म्हणून कुणी फवारणी सोडतं का? दिवस मोजायचे." सोमवारी मी हेच सरांना सांगितले आणि त्यांनी आणखी दहा दिवसांची परवानगी दिली.

दहा दिवसांत ठिपका उमटला नाही. नंतर पाणी थोडे थोडे बदलत मीठ उतरवले आणि हीटर २६ वर आणून ठेवला. तीन एंजल व पाच मॉली आजही दालनात आहेत. नवा मासा आला तर तो आता तीन आठवडे मागच्या खोलीतल्या वेगळ्या बरणीत राहतो. कुणाला भेट द्यायचा असल्यास आधी माझ्याकडे द्यावा. पाणी बदलण्याचे काम दर शनिवारी अकरा वाजता असते, आणि नळी धरायला एक माणूस नेहमी कमी पडतो.